विनामूल्य संगीतसभा आणि मूल्यविचार : एका विद्यापीठीय सुषिरवाद्यवृंदाच्या निमित्ताने

१

मराठीत 'मूल्य' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. व्यवहारात तो किमतीचा वाचक आहे. सौंदर्यशास्त्रात आणि नीतिशास्त्रात तो श्रेयस्कर अशा गुणाचा वाचक आहे. यामुळे 'विनामूल्य' म्हणून जाहीर झालेल्या कलाप्रयोगाविषयी लिहू पाहणाऱ्या समीक्षकाची आरंभीच एक अडचण होते. ज्याला प्रवेशमूल्य नाही त्याचे मूल्यमापन करावे काय ? लोकव्यवहाराने या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण म्हणतो. परंतु लोकव्यवहाराचा हा न्याय कलेच्या प्रांतात लागू करावयाचा म्हटल्यास फुकट मिळालेली कला ही समीक्षेच्या कक्षेबाहेरची ठरते. आणि एकदा ती कक्षेबाहेर गेली की ती गंभीरपणे ऐकण्याचेही कारण उरत नाही. प्रस्तुत लेखात या न्यायाची परीक्षा करावयाची आहे.

निमित्त एका संगीतसभेचे आहे. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठात काही कामानिमित्त राहण्याचा योग आला असता, तेथील सुषिरवाद्यवृंदाची हिवाळी सभा प्रस्तुत लेखकास ऐकावयास मिळाली. सत्रान्त परीक्षांच्या तोंडावर, नाताळच्या सुटीपूर्वी अशी सभा भरविण्याची प्रथा त्या देशातील अनेक विद्यापीठांत आहे. सभागृह सर्वांस खुले होते. वादकांत संगीताचे विद्यार्थी होते, तसेच अभियांत्रिकीचे, कृषिशास्त्राचे, रसायनाचेही होते. श्रोत्यांत त्यांचे आईवडील, आजीआजोबा, गावातील वृद्ध मंडळी आणि बरीच लहान मुले होती. बाहेर बर्फ पडत होते. कार्यक्रमपत्रिकेवर चार नावे होती : गुस्ताव्ह होल्स्ट यांचा 'फर्स्ट स्वीट इन ई-फ्लॅट', पर्सी ग्रेंजर यांच्या 'लिंकनशर पोझी'तील निवडक विभाग, आल्फ्रेड रीड यांचे 'रशियन ख्रिसमस म्यूझिक', आणि शेवटी लेरॉय अँडरसन यांचे 'स्ले राइड'. या निवडीत नवीन काही नाही. अशा सभांचा हा जवळजवळ पाठच आहे. आणि म्हणूनच तिचा विचार करणे उपयुक्त आहे.

२

भरतमुनींनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदाचा कणा तत वर्गातील, म्हणजे व्हायोलिनकुलातील वाद्ये हा असतो. सुषिरवाद्यवृंदात तो कणाच काढून घेतलेला असतो. व्हायोलिनांची जागा क्लॅरिनेटे घेतात; त्यांच्या भोवती बासऱ्या, ओबो, बासून, सॅक्सोफोन आणि पितळी वाद्यांचे घराणे उभे राहते; अवनद्ध आणि घन वाद्ये साथीस असतात. या वृंदाचा उगम लष्करी छावणीत आहे. त्याचे संगीत मूलतः चालण्यासाठी, सलामीसाठी, मिरवणुकीसाठी होते. ऐकण्यासाठी बसलेला श्रोता त्याला फार उशिरा मिळाला.

हा श्रोता मिळवून देण्यात विनामूल्य सभांचा वाटा मोठा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. १९१८ मध्ये एडविन फ्रँको गोल्डमन यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात उन्हाळी संगीतसभा सुरू केल्या. पुढे त्या सेंट्रल पार्कमध्ये होऊ लागल्या. गुगेनहाइम कुटुंबाने त्यांचा खर्च दीर्घकाळ उचलल्यामुळे त्या श्रोत्यांस फुकट राहिल्या. या वृंदाने केवळ लोकरंजनाची संचलनगीते वाजविली असती तर त्याचे नाव आज घेण्याचे कारण नव्हते. परंतु अर्नोल्ड शनबर्ग यांच्यासारख्या दुर्बोध समजल्या जाणाऱ्या संगीतकाराची सुषिरवृंदासाठी रचलेली 'थीम अँड व्हेरिएशन्स' ही रचना प्रथम वाजविली ती याच गोल्डमन वृंदाने, १९४६ मध्ये. फुकट ऐकणाऱ्या गर्दीला कठीण संगीत सोसणार नाही, हे गृहीत त्या वृंदाने मान्य केले नव्हते.

विद्यापीठांच्या बाजूने पाहता इलिनॉय विद्यापीठातील ए. ए. हार्डिंग यांचे कार्य मूलभूत आहे. सिंफनी वाद्यवृंदाचे संगीत सुषिरवाद्यांसाठी रूपांतरित करून त्यांनी विद्यार्थ्यांच्या वृंदाला सभागृहाची प्रतिष्ठा दिली. जॉन फिलिप सूझा यांनी आपला संगीतसंग्रह त्याच विद्यापीठाच्या स्वाधीन केला, यावरून या प्रतिष्ठेची कल्पना येते. तथापि रूपांतरावर जगणारी कला ही उसनवारीवर चालणाऱ्या संसारासारखी असते. या परावलंबनास उत्तर दिले ते फ्रेडरिक फेनेल यांनी. १९५२ मध्ये ईस्टमन संगीतविद्यालयात त्यांनी 'विंड एन्सेंबल' स्थापन केले. प्रत्येक स्वररेषेस शक्य तो एकच वादक, आणि मुळात सुषिरवाद्यांसाठीच लिहिलेल्या संगीतास अग्रमान, ही त्यांची दोन सूत्रे होती. शंभर वादकांच्या गर्दीत जो वादक शेजाऱ्याच्या आवाजामागे लपू शकतो, त्याला या सूत्रांनी उघड्यावर आणले.

आपल्याकडेही सुषिरवाद्यांची एक विनामूल्य आणि कालबद्ध परंपरा आहे. देवळाच्या किंवा वाड्याच्या दरवाजावरील नगारखान्यात सनई-चौघडा ठरलेल्या प्रहरी वाजे, आणि तो ऐकण्यास कोणी पैसे मोजीत नसे. परंतु तो 'ऐकण्यास' कोणी बसतही नसे. तो काळाची आणि मांगल्याची खूण होता. लोक त्याच्या खालून ये-जा करीत. सनई मैफलीच्या व्यासपीठावर आली तेव्हा तिला श्रोता मिळाला, आणि बहुधा तिकीटही लागले. विद्यापीठीय हिवाळी सभेचे वैशिष्ट्य असे की, ती नगारखान्याप्रमाणे खुली आणि ऋतुबद्ध राहून मैफलीप्रमाणे एकाग्र श्रवणाची मागणी करते. ही मागणी कितपत पुरी होते, यावर तिचे यश अवलंबून आहे.

३

सभेचा आरंभ होल्स्ट यांच्या रचनेने झाला. ही रचना १९०९ ची आहे. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवीत, आणि पितळी वाद्याच्या श्वासाचे गणित त्यांना हाताने ठाऊक होते. मराठी वाचकांस आणखी एक गोष्ट आस्थेची वाटेल. याच काळात हे गृहस्थ संस्कृत शिकून ऋग्वेदातील सूक्ते भाषांतरित करीत होते, त्यांना स्वरसाज चढवीत होते. आणि महाभारतातील सावित्रीच्या आख्यानावरील त्यांची छोटी संगीतिका १९०८ ची आहे. तिचा आरंभ यमाच्या दुरून येणाऱ्या एकाकी आवाजाने, वाद्यांच्या साथीशिवाय होतो. मोजक्या साधनांवर विसंबण्याची ही वृत्ती 'फर्स्ट स्वीट'मध्येही आढळते.

रचनेचा पहिला विभाग 'शाकोन' या जुन्या आकृतिबंधात आहे. तीन-तीन मात्रांच्या आठ खंडांची, म्हणजे एकूण २४ मात्रांची एक स्वरावली प्रथम ट्यूबा आणि यूफोनियम यांतून एकटीच ऐकू येते, आणि मग ती विभाग संपेपर्यंत पुनःपुन्हा येत राहते. तबल्याच्या एकलवादनात सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरतात, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्याइतकाच भेदही लक्षात घ्यावयास हवा. लेहरा हा मापदंड असतो. तो जागचा हलत नाही म्हणूनच तबलजीला हलता येते. होल्स्ट यांची स्वरावली मात्र स्वतःच प्रवास करते. ती तळच्या वाद्यांतून वरच्या वाद्यांत जाते, मध्येच उलटी होते, म्हणजे जेथे स्वर चढत होता तेथे उतरतो आणि उतरत होता तेथे चढतो, आणि त्या वेळी वृंद दोन-तीन एकाकी वाद्यांपुरता आकसतो. पुढील दोन्ही विभागांचे संगीतही याच स्वरावलीच्या आरंभीच्या स्वरांतून उगवते. तिन्ही विभाग न थांबता वाजवावेत, अशी होल्स्ट यांची इच्छा होती.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम मांडले. साहित्याच्या बाबतीत या नियमांवर पुष्कळ वाद झाला. संगीताच्या बाबतीत मात्र ते किती नेमकेपणाने लागू पडतात, याचे 'शाकोन' हे उत्तम उदाहरण आहे. एकाच स्वरावलीची आवर्तने हा संवाद, तिचे उलटे रूप हा विरोध, आणि शेवटी संपूर्ण वृंदाने तिला दिलेले पूर्ण रूप हा समतोल. हा समतोल केवळ आवाज वाढल्याने साधत नाही. मधल्या क्षीण, जवळजवळ एकाकी क्षणांचे वजन शेवटच्या घोषात जाणवले पाहिजे.

त्या सायंकाळी ते जाणवले. आरंभी मात्र वाद्ये किंचित उतरलेली होती. थंडीतून आणलेल्या नळीतील हवा गार असते. गार हवेत ध्वनीचा वेग कमी होतो आणि स्वर खाली येतो, हे पदार्थविज्ञान आहे, वादकाचा दोष नव्हे. पण गंमत अशी की, ट्यूबावादकांनी ते ओळखून पहिली स्वरावली अतिशय मंद आणि दमदार वाजविली. जणू ते वाद्याला ऊब येण्याची वाट पाहत होते. उलट्या स्वरावलीच्या वेळी हॉर्न वाजविणारी मुलगी एका स्वरावर थोडी अडखळली, सावरली, आणि पुढला स्वर तिने असा लावला की मागची अडखळ हीच जणू त्या स्वराची प्रस्तावना होती. शेजारच्या रांगेतील एक लहान मूल तोपर्यंत चुळबुळत होते. तेही या जागी थांबले. मुलाने थांबणे हा सौंदर्यशास्त्रीय पुरावा नव्हे, हे मान्य. परंतु ज्या श्रोत्यांविषयी 'यांना सोपे काही द्यावे' असे गृहीत धरले जाते, त्यांच्याविषयी हा एक पुरावा आहे, आणि त्याचा उपयोग आपणांस पुढे करावयाचा आहे.

४

ग्रेंजर यांची 'लिंकनशर पोझी' ही १९३७ ची सहा विभागांची रचना. इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात १९०५-०६ च्या सुमारास त्यांनी खेडुतांकडून गीते जमविली. प्रथम कानाने टिपून आणि मग ध्वनिमुद्रणयंत्राच्या साह्याने. यंत्राने त्यांना एक गोष्ट शिकविली. लोकगीताचा 'साचा' नावाची वस्तू बहुधा संग्राहकाच्या वहीत असते. गायकाच्या गळ्यात असतो तो त्याचा स्वतःचा काळ. कोठे थांबावे, कोणता शब्द ओढावा, कोठे मात्रा बुडवावी, हे जोसेफ टेलर यांच्यासारखा वृद्ध गायक ठरवीत असे, आणि तेच त्या गीताचे जीवित होते. म्हणून ग्रेंजर यांनी ही रचना गीतांची न करता गायकांची केली. प्रत्येक विभाग हे एका गायकाचे व्यक्तिचित्र आहे, अशी त्यांची भूमिका होती.

जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करणाऱ्यांस हा प्रश्न परिचित आहे. साने गुरुजींनी ओव्यांचे शब्द जपून ठेवले, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. पुढे हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दळणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा छापील चरणांत न मावणारे बरेच काही हाती आले. जात्याचा फेरा आणि बाईचा श्वास यांच्या ओढाताणीत ओवीचा चरण लांबतो किंवा आखडतो. छंदःशास्त्राच्या खुणा त्या जागी तोकड्या पडतात.

'लिंकनशर पोझी'त ही ओढाताण सर्वांत तीव्र आहे ती 'रफर्ड पार्क पोचर्स' आणि 'लॉर्ड मेलबोर्न' या दोन विभागांत. पहिल्यात मात्रांची संख्या खंडागणिक बदलते आणि एक स्वररेषा दुसरीच्या मागून तीच वाट चालत येते. दुसऱ्यात काही जागी नियमित ताल सोडूनच दिला आहे. वृंदसंचालकाने गायकाप्रमाणे मनास येईल तेथे थांबावयाचे आणि ऐंशी वादकांनी त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यावयाचा. १९३७ मध्ये मिलवॉकी येथे ही रचना प्रथम सादर झाली तेव्हा वादकांस ती संपूर्ण पेलली नाही आणि तिचे काही विभाग गाळावे लागले, हे प्रसिद्धच आहे.

आमच्या सभेत याच दोन विभागांना फाटा देण्यात आला. 'लिस्बन', 'हॉर्कस्टो ग्रेंज' आणि 'द लॉस्ट लेडी फाउंड' वाजविले गेले, आणि चांगले वाजविले गेले. 'हॉर्कस्टो ग्रेंज'मध्ये ट्रंपेटचा आवाज वृंदाच्या वर एकटा उठतो, तो क्षण तर फार सुंदर साधला. पण रचनेचे मर्म ज्या विभागांत आहे ते गाळून उरलेले विभाग वाजविणे म्हणजे ओव्यांच्या संग्रहातून फक्त मात्रांत नीट बसणाऱ्या ओव्या निवडणे होय. ग्रेंजर यांनी ज्या वृत्तीविरुद्ध ही रचना लिहिली, त्याच वृत्तीने तिची निवड झाली.

कार्यक्रमपत्रिकेत वगळण्याचे कारण 'वेळेअभावी' असे दिले होते. हे कारण मान्य करणे कठीण आहे. शेवटची 'स्ले राइड' टाळ्यांच्या आग्रहास्तव पुन्हा वाजविण्यात आली. तिला तीन मिनिटे लागतात. 'रफर्ड पार्क'ला सुमारे चार. तेव्हा अभाव वेळेचा नव्हता. तयारीचा होता, असे म्हटले असते तर त्यात कमीपणा काहीच नव्हता. मिलवॉकीचा दाखला पाठीशी होताच. पण 'वेळेअभावी' या शब्दामागे आणखी एक गृहीत दडलेले असते : सणाच्या दिवसांत, फुकट आलेल्या श्रोत्यांपुढे, त्याची आवश्यकता नाही. 'शाकोन'च्या उलट्या स्वरावलीपाशी तेच श्रोते निश्चल बसले होते, हे वृंदसंचालकांनी पाठ करून उभे असल्याने पाहिले नसावे.

५

उरलेल्या दोन रचना ऋतूच्या आहेत. रीड यांचे 'रशियन ख्रिसमस म्यूझिक' १९४४ चे. महायुद्धात रशिया आणि अमेरिका एका बाजूस असताना डेन्व्हर येथील एका सभेसाठी, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी ते लिहिले. एक जुने नाताळगीत आणि ऑर्थोडॉक्स उपासनासंगीताची धाटणी हा तिचा आधार. येथे एक मौलिक विरोध आहे, आणि त्याची दखल सहसा घेतली जात नाही. रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्यांना स्थान नाही. तेथे फक्त मानवी कंठ आहे, आणि बाहेर घंटा. तेव्हा ज्या संगीताने वाद्य वर्ज्य केले त्याचेच रूप वाद्यांनी धारण करावे, असे हे साहस आहे. ते ज्या प्रमाणात साधते त्याचे कारण सुषिरवाद्य हे कंठाचे सर्वांत जवळचे आप्त आहे. दोहोंना श्वास लागतो, आणि श्वास संपतो. क्लॅरिनेटांच्या खालच्या सप्तकातील धूसर आरंभात आणि मधल्या इंग्लिश हॉर्नच्या एकलवादनात हे नाते त्या दिवशी स्पष्ट झाले. शेवटच्या भागात मात्र ट्रंपेट आणि झांजा यांनी सर्व वृंदास असे झाकून टाकले की कंठाची आठवण पुसली गेली आणि उरला केवळ पितळेचा दणदणाट. समूहगान मोठे होते तेव्हाही ते माणसांचेच राहते. सभागृह उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते हा सभेतील सर्वांत दुबळा क्षण होता.

'स्ले राइड'विषयी तुच्छतेने लिहिणे सोपे आहे. तीत घुंगरू आहेत, टापांचे ठेके आहेत, चाबकाचा फटकारा आहे, आणि शेवटी ट्रंपेटमधून निघणारी घोड्याची खिंकाळी आहे. गंमत अशी की, बर्फावरून धावणाऱ्या गाडीचे हे संगीत अँडरसन यांना सुचले ते १९४६ च्या जुलैतील कडक उन्हाळ्यात. ते पूर्ण झाले आणि बॉस्टन येथे प्रथम वाजले ते १९४८ मध्ये, आणि तेही मे महिन्यात. ऋतुसंगीत हे ऋतूने निर्माण होत नाही. संकेताने होते, हे मल्हार आणि बसंत या रागांनी आपणांस फार पूर्वी शिकविले आहे. श्रावण नसता मल्हार गाणारा गायक खोटे बोलत नाही. तो संकेताच्या बळावर श्रावण उभा करतो. हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना तेथील विद्यापीठीय बँडचे नेतृत्व केलेल्या अँडरसन यांना वृंदाचे अंतरंग ठाऊक होते, आणि या रचनेच्या मधल्या जॅझच्या झोकात ताल जसा हलका तिरका होतो, तो नेमका वाजविणे ही साधी गोष्ट नाही. त्या सायंकाळी तो नेमका वाजला. हलकी रचना हलकेपणाने न वाजविता काटेकोरपणे वाजविली की ती खरोखरच हलकी होते. रीडच्या शेवटात वृंदाने जे गमावले ते येथे परत मिळविले.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ च्या ग्रंथात कलाविचाराचे दोन ध्रुव दाखविले. एका ध्रुवाशी कला स्वायत्त असते. दुसऱ्या ध्रुवाशी ती लौकिक जीवनाशी, त्यातील प्रयोजनांशी आणि भावनांशी बांधलेली असते. हिवाळी सभा ही दोन्ही ध्रुवांशी एकाच वेळी बांधलेली आहे. आजोबांनी नातवाला रंगमंचावर पाहणे, गावाने वर्षअखेर एकत्र बसणे, ही तिची लौकिक बाजू. ती गौण मानण्याचे कारण नाही. 'स्ले राइड' पुन्हा वाजवली गेली ती या बाजूच्या हक्काने, आणि त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका ध्रुवाने दुसऱ्याची जागा बळकावण्याविषयी. श्रोता सणासाठी आला आहे, म्हणून तो कलेसाठी आलेला नाही, हा निष्कर्ष तर्कदुष्ट आहे. दिवाळी पहाटेच्या फुकट मैफलीस नवे कपडे घालून आलेला आपल्याकडील श्रोता रामकलीही ऐकतो आणि फराळाचीही वाट पाहतो. या दोन गोष्टी एका देहात सुखाने नांदतात.

यातून एक मर्यादित सिद्धान्त मांडता येईल. प्रवेशमूल्य हा श्रोता आणि आयोजक यांच्यातील करार असतो. ते नसेल तेथे करार नाहीसा होत नाही, त्याचे स्वरूप बदलते. तिकीट काढणारा श्रोता नापसंतीचा हक्क विकत घेतो. फुकट आलेला श्रोता तो हक्क संकोचाने सोडून देतो. म्हणूनच त्याच्या वतीने तो हक्क बजावणे हे वृंदाचे स्वतःचे, आणि समीक्षकाचे, कर्तव्य ठरते. विद्यापीठात तर हे कर्तव्य दुप्पट आहे. त्या रंगमंचावर बसलेल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास पुढील आयुष्यात 'रफर्ड पार्क' वाजविण्याची दुसरी संधी बहुधा मिळणार नाही, आणि समोर बसलेल्या त्याच्या आईस ते ऐकण्याचीही नाही.

आपल्या विद्यापीठांत सुषिरवाद्यांचा वृंद असलाच तर तो बहुधा राष्ट्रीय छात्रसेनेच्या संचलनापुरता असतो. एरवी आपल्या गावोगावी लग्नाच्या वरातीत पितळी वाद्ये वाजतात; गोव्यात फेस्ताच्या मिरवणुकीपुढे ती वाजतात; आणि गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद दीर्घकाळ उभे केले, हा इतिहास आहे. कौशल्य येथे आहे, खुला आणि ऋतूला धरून येणारा श्रोताही आहे. या वादकांस कोणी बसून ऐकले नाही, एवढेच उणे आहे. ते उणे भरून काढण्याचे काम संगीत विभागांनी अंगावर घ्यावे, आणि घेतल्यास आरंभापासूनच कठीण विभाग न गाळता घ्यावे.

सभा संपल्यावर बाहेर दालनात ती हॉर्नवादक मुलगी आपल्या घरच्यांसह उभी होती. उलट्या स्वरावलीतील तिचा तो स्वर मनात होता, म्हणून तिचे अभिनंदन केले. ती म्हणाली की त्या स्वराच्या आधी आपण चुकलो होतो, ते बहुधा कोणाच्या लक्षात आले नसावे. ते लक्षात आले होते, असे तिला सांगितले. तिला वाईट वाटेल अशी भीती होती. पण तिचा चेहरा उजळला. आपणांस कोणी खरोखर ऐकत होते, हे तिला त्यावरून कळले असावे.